आधी शेड, मग इंजिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज-सांगली भागात पर्यटकांसाठी वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी पुन्हा चालवावी, अशी मागणी वरचेवर होते. मागणी रास्तच आहे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ एकत्र आलेली जंक्शने देशात मोजकीच होती, त्यांतले एक मिरज. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये पंढरपूरकडून मिरजेला पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने कुठल्याही ऍक्सलवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) ५ टनांहून जास्त भार पडू नये, असा हिशेब धरून तिची इंजिने आणि डबे आखले होते. अडीच फुटी रूळही मोठ्या गाडीचे काम करू शकतात, हे त्यातून दिसले. ज्या गावाला असा वारसा आहे त्याने तो चालता ठेवावा, असे आम्हालाही मनापासून वाटते. पण अशा प्रत्येक मागणीत इंजिन असते, सजवलेले डबे असतात, फलाटावरचा जुना कंदीलही असतो. इंजिन-डबे ठेवायची आणि दुरुस्त करायची शेड कुठेच नसते. वाफेच्या शेडमध्ये आणि डबे दुरुस्तीत आयुष्य घातलेल्या आम्हा काही जणांना म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले.

पहिली गोष्ट चौथऱ्यावरच्या इंजिनांची. स्टेशनाबाहेर किंवा चौकात ठेवलेले इंजिन दरवर्षी रंग मिळाल्यामुळे धडधाकट दिसते आणि ‘हेच पुन्हा सुरू करा’ असे लोक म्हणतात. त्याच्या रंगावर जाऊ नये. चिमणीतून पावसाचे पाणी स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीत, उतरते. तळाशी राहिलेल्या राखेत गंधक असते, ते पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होते आणि तळाचा पत्रा आतून खात राहते. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या पत्र्यावर हातोडीचे टोक मारले तर कित्येकदा ते आरपार जाते. बॉयलरवरच्या लॅगिंगखाली (उष्णता धरून ठेवणाऱ्या वेष्टणाखाली) ओल धरून राहते, तिथले गंजणे तर दिसतच नाही. शिवाय जुन्या लॅगिंगमध्ये ऍस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते खरवडून उडवण्याची गोष्ट नाही. ओले करून, योग्य मास्क लावून, प्रशिक्षित माणसांकडून काढून घ्यावे लागते. त्याची विल्हेवाटही नियमाप्रमाणेच लावावी लागते.

असे इंजिन वाफेवर आणायचे तर लॅगिंग उतरवून बॉयलर उघडा करावा लागतो. आगीचा धूर ज्यांतून जातो त्या सगळ्या ट्यूब काढाव्या लागतात. पत्र्यावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी मोजावी लागते. फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना धरून ठेवणारे शेकडो स्टे असतात, ते एकेक ठोकून पाहावे लागतात. धड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. अनेक स्टेंना बाहेरच्या टोकाकडून एक बारीक भोक पाडलेले असते. स्टे आतून तुटला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ येते, म्हणजे ते भोक हीच धोक्याची घंटा. गळतेय म्हणून कुणी ते भोक वेल्डिंगने बुजवले तर त्याने दुखणे झाकले, बरे केले नाही. नंतर कामकाजी दाबाच्या सव्वा ते दीडपट दाबाने थंड पाण्याची चाचणी. ती पाण्यानेच घ्यायची, हवेने कधीही नाही. पाणी दाबाखाली फारसे आवळत नाही, त्यामुळे कुठे चीर गेली तर दाब तिथल्या तिथे उतरतो. दाबलेली हवा मात्र बॉयलर फाडते. एवढे सगळे पार पडल्यावर मग वाफेची चाचणी. अनेकदा असे दिसेल की चौथऱ्यावरच्या इंजिनाला नवा बॉयलर करणेच शहाणपणाचे आहे. यात कमीपणा काही नाही. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात अख्खी नवी वाफेची इंजिने बांधली गेली, ती याच विचाराने.

आता पाणी. बॉयलर मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने, आणि आपल्या भागात तर हा विषय सगळ्यात आधी घ्यायला हवा. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी इथल्या शेतकऱ्याला सांगायला नकोत. त्या पट्ट्यातल्या बोअरचे पाणी थेट टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात) भरले तर काही दिवसांच्या वाफेतच ट्यूबांवर आणि फायरबॉक्सच्या छतावर क्षारांचा थर बसतो. घरच्या बंबाच्या आत बसतो तसाच, फक्त इथे त्या थराच्या पलीकडे हजार अंशांच्या वरची आग असते. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, पत्राच तापत राहतो, मऊ पडतो, दोन स्टेंच्या मधे फुगतो. ट्यूबांची टोके ढिली होऊन गळायला लागतात. कोळसाही जास्त जळतो, ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून सॉफ्टनर बसवला की झाले, असे समजू नये. सॉफ्टनरमधले रेझिन पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देते. थर बसायचा थांबतो, पण विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, ज्याला टीडीएस म्हणतात, ते कमी होत नाही. बॉयलरमधून शुद्ध वाफ निघून जाते आणि क्षार मागे साठत जातात. टीडीएस ३,००० च्या पुढे चढू लागला की पाण्याला फेस यायला लागतो. फेस वाफेबरोबर वर चढून सिलिंडरमध्ये शिरतो. त्याला आम्ही प्रायमिंग म्हणतो. पाणी आवळले जात नाही, म्हणून पिस्टन आणि सिलिंडरचे झाकण यांच्या मधे ते सापडले की झाकण फुटते किंवा पिस्टन रॉड वाकतो. म्हणून ब्लोडाउन लागते. गाडी उभी असताना, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर, म्हणजे गेज ग्लासवर, नजर ठेवून, काही सेकंद तळाचा कॉक उघडायचा आणि साठलेला गाळ-क्षार बाहेर फेकायचा. पाणी अल्कधर्मी ठेवायचे, पीएच साधारण १०.५ ते ११.५. त्यासाठी सोडा ऍश आणि ट्रायसोडियम फॉस्फेट मापून घालायचे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ येते, तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळायचे, गाळायचे आणि मगच सॉफ्टनरला द्यायचे, नाहीतर रेझिन मातीने चोंदते. रेझिनला मिठाच्या पाण्याने वेळेवर धुतले नाही तर सॉफ्टनर नुसता उभा राहतो आणि पाणी जसेच्या तसे पुढे जाते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रोज हार्डनेसची चाचणी घ्यायची आणि वहीत लिहायची.

ही वही कशी ठेवायची, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. इथल्या साखर कारखान्यांच्या बॉयलर हाउसमध्ये दर पाळीला फीड वॉटरची नोंद होते. टीडीएस, पीएच, ब्लोडाउन हे शब्द तिथल्या अटेंडंटच्या रोजच्या बोलण्यात आहेत. इंजिनाचा बॉयलर त्यांच्या वॉटर ट्यूब बॉयलरपेक्षा वेगळा असतो हे खरे. त्यात आग ट्यूबांच्या आतून जाते आणि पाणी बाहेर असते. पण पाण्याची शिस्त एकच.

वॉशआउटचे काम तर पुढे ढकलायचे नाहीच. पाण्याच्या प्रतीप्रमाणे साधारण १० ते १५ धावत्या दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुवायचा. पाणी वाईट असेल तर त्याआधी. इथे घाई हाच शत्रू. आग काढली की बॉयलर निदान एक पूर्ण दिवस आपोआप निवू द्यायचा. गरम असतानाच पाणी सोडले तर तापलेल्या पत्र्यावर गाळ भाजून घट्ट बसतो आणि पत्रे वेडेवाकडे आवळतात. हाताला सोसेल इतके निवले की सगळे वॉशआउट प्लग आणि मड होलची दारे काढायची. निदान ४-५ किलो दाबाच्या पंपाने धुवायला सुरुवात करायची ती फायरबॉक्सच्या छतापासून, मग बॅरल (बॉयलरचा लांब गोल भाग), मग बाजू, आणि सगळ्यात शेवटी तळाची फाउंडेशन रिंग. वरून खाली, कारण गाळ खाली उतरतो. उलट क्रमाने धुतले तर धुतलेल्या जागेवर पुन्हा गाळ बसतो. वाकवलेल्या सळईने कोपरे खरवडायचे. मग प्रत्येक भोकातून दिवा आणि आरसा घालून पाहायचे. पाणी स्वच्छ यायला लागले एवढ्यावर समाधान मानणारा शेडमध्ये कामाचा नाही. प्लग परत बसवताना आटे साफ करून त्यांना तेलात कालवलेले ग्रॅफाइट लावायचे, हाताने निदान दोन-तीन आटे सहज जातात का ते पाहायचे, मगच पाना लावायचा. वाफ असताना गळता प्लग आवळणे सक्त मना. आटे सुटले तर समोरचा माणूस भाजून निघतो.

याच वेळी फायरबॉक्सच्या छतातले लेड प्लग तपासायचे. हा छोटासा पितळी बूच, त्याच्या पोटात शिसे. १० किलो दाबाला बॉयलरमधले पाणी साधारण १८४ अंशांवर असते आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. छतावर पाणी आहे तोवर शिसे वितळण्याचा प्रश्नच नाही. पाणी खाली गेले की शिसे वितळते, वाफ आगीत शिरते आणि फायरमनला इशारा मिळतो. पण प्लगवर क्षार चढला असेल किंवा शिशाची प्रत बिघडली असेल तर इशारा मिळायला उशीर होतो. उघडे पडलेले छत काही मिनिटांत लाल होते आणि दाबाखाली खाली फाटते. वाफेच्या इंजिनाचे सर्वांत भीषण अपघात असेच झालेले आहेत. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते, हे ज्याला ठाऊक आहे तो गेज ग्लासकडे पाठ फिरवत नाही.

गेज ग्लास दोन असतात आणि दोन्ही रोज तपासायचे. खालचा निचऱ्याचा कॉक उघडायचा. पाण्याचा कॉक बंद करून नुसती वाफ जोरात येते का पाहायचे, मग वाफेचा बंद करून नुसते पाणी. शेवटी निचरा बंद करून दोन्ही उघडायचे. पाणी झटकन उसळी मारून आपल्या पातळीला आले तर वाट मोकळी आहे. रेंगाळत, सावकाश चढले तर आतली वाट क्षाराने अरुंद झाली आहे आणि ती काच आता खोटे बोलते आहे. दोन काचांत वेगवेगळी पातळी दिसली तर गाडी हलवायची नाही.

इंजिन पेटवायचे तर छोट्या नॅरोगेज इंजिनाला ५-६ तास आणि मोठ्याला त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ द्यावा लागतो. मोठ्या इंजिनाची सकाळी ९ ची गाडी असेल तर मध्यरात्रीच्या सुमारास कुणीतरी लाकूड-चिंध्या पेटवलेल्या असल्या पाहिजेत. आधी तळाचे पाणी थंड असते आणि वरचे तापलेले. आग भडकवून घाईने दाब चढवला तर एकच बॉयलर वर लांबतो, खाली लांबत नाही. स्टे आणि ट्यूबांची टोके तिथेच मार खातात. पाहुणे लवकर येणार म्हणून दाब लवकर चढवा, असा आग्रह शेडमध्ये कुणी धरू नये, मग तो कितीही मोठा असो.

इंजेक्टरचे एक आपल्या हवेशी जोडलेले दुखणे आहे. वाफेच्या झोताने पाणी बॉयलरमध्ये ढकलणारे हे यंत्र थंड पाण्यावर चांगले चालते. मे महिन्यात मिरजेच्या उन्हात टाकी तापून पाणी कोमट झाले की इंजेक्टर पाणी घेईनासा होतो. जरा चालतो, मग भसकन ओव्हरफ्लोमधून सगळे बाहेर टाकतो. सक्शनच्या नळीत कुठे हवा ओढली जात असेल, किंवा आतल्या शंकूंवर क्षार बसला असेल, तरी लक्षण हेच. म्हणून भरायच्या टाकीवर सावली हवी. दोन्ही इंजेक्टर चालल्याशिवाय गाडी सुटता कामा नये.

कोळशाबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या कोळशात राख फार. ती वितळून जाळीवर क्लिंकरचे, म्हणजे घट्ट झालेल्या राखेचे, पापुद्रे धरतात आणि हवा अडते. कमी राखेचा, मुठीएवढ्या ढेकळांचा कोळसा मिळत असेल तरच कोळशावर चालवावे. नसेल तर निलगिरीप्रमाणे तेलाच्या बर्नरचा विचार करावा. तेलावर चालणारे इंजिनही वाफेचेच इंजिन.

ठिणग्यांचा विचार मात्र कोळशाबरोबरच करावा लागेल. आपल्याकडे रुळाच्या दोन्ही बाजूंना ऊस. तोड झाली की शेतात पाचट वाळत पडलेले, बांधावर कडब्याच्या गंजी. स्मोकबॉक्समधली ठिणगी अडवणारी जाळी एका ठिकाणी फाटली तरी एखाद्याचे पीक जाईल. ही जाळी दर फेरीआधी पाहायची. स्मोकबॉक्सचे दार हवाबंद आहे का, ते काठाजवळून पेटता काकडा फिरवून कळते. ज्योत आत ओढली गेली तिथे फट आहे. फटीतून आत येणारी हवा आतली राख पेटवते, दार तापून वाकते, मग फट आणखी वाढते. राखपेटीची दारे धावताना बंद हवीत. गाडीमागून काही अंतराने ट्रॉलीवरून पाण्याचे पंप घेतलेली माणसे यायला हवीत, निदान डिसेंबर ते मे.

आणखी एक गोष्ट मागणी करणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. बार्शी लाइटचे अडीच फुटी रूळ गेले, तिथे ब्रॉडगेज आले. आता पुणे-मिरज, मिरज-कोल्हापूर, मिरज-कुर्डुवाडी हे मार्ग विजेवर आहेत, डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. वाफेच्या इंजिनावरचा फायरमन सवयीने टेंडरवर चढून कोळसा पुढे ओढतो, पाण्याचे झाकण उघडतो, आग ढवळायची लांब सळई उभी उचलतो. तारेखाली यांतली प्रत्येक सवय जीव घेईल. तारेला हात लागायचीही गरज नसते, पुरेसे जवळ गेले तरी वीज झेप घेते. म्हणून पाणी, कोळसा आणि आग यांची सगळी कामे तार नसलेल्या साइडिंगमध्येच व्हायला हवीत. टेंडरच्या शिडीला कुलूप हवे. तारेखाली इंजिन फार वेळ उभे केले तर काजळीने इन्सुलेटर खराब होतात, तेही लक्षात ठेवायला हवे. आमच्या मते सुरुवात मुख्य मार्गावर करूच नये. वेगळ्या, बिनतारेच्या छोट्या रुळावर दोन-तीन किलोमीटर चालणारी नॅरोगेज गाडी हा अधिक सुज्ञ मार्ग आहे. तिची देखभाल झेपते.

आता डबे. टाळ्या इंजिनाला मिळतात, माणसे मात्र डब्यांत बसतात. पर्यटक गाडी बंद पडते ती इंजिनामुळे कमी, डब्यांमुळे जास्त, असे आमचे ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा धावणारा डबा सहा दिवस उभा असतो, आणि उभा डबा चालत्या डब्यापेक्षा लवकर बिघडतो.

लाकडी डब्यात पाणी शिरते ते तीन जागांतून: छताचे कॅनव्हास फाटलेल्या ठिकाणी, खिडकीच्या खोबणीतून आणि दाराच्या खांबाच्या बुडाशी. खिडकीच्या खोबणीला खाली पाणी निघायला बारीक भोके ठेवलेली असतात. सहलीला आलेली मंडळी शेंगांची टरफले, तंबाखूच्या पुड्या, पोरांची चॉकलेटची कागदे तिथेच सारतात. भोके बुजतात, पावसाचे पाणी खोबणीत साचून आतल्या चौकटीत उतरते. बाहेरून रंग तुकतुकीत आणि आत सागवानाचा भुसा झालेला असतो. हे पाहायचे साधन म्हणजे टोच्या. दर महिन्याला दाराच्या खांबाच्या बुडाशी आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात टोच्या दाबून पाहायचा. धड लाकूड त्याला अडवते, सडलेल्यात तो लोण्यासारखा जातो. तिथे पुट्टी भरून रंग मारू नये. सडका भाग धड लाकडापर्यंत कापून काढायचा आणि त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा सांध्यात बसवायचा. ओले लाकूड नंतर आक्रसते आणि सांधा उघडा पडतो. मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्या कारागिरांना लाकूड वाळण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही, डब्यांच्या सुतारकामालाही तोच जाणता हात हवा. स्क्रू पितळी वापरायचे. ओल्या लाकडात लोखंडी स्क्रू गंजतो, भोवतालचे लाकूड काळे पडून कुजते. उभ्या डब्याला वाळवी लागते, म्हणून चाकांजवळची माती आणि गवत साफ ठेवायचे. आणि या सगळ्याच्या आधी डोक्यावर छप्पर. डब्यांना शेड नसेल तर रंगाचा खर्च दरवर्षी पाण्यात जातो.

लोखंडी डबे घेतले, समजा पेरांबूरच्या आयसीएफ कारखान्यातले जुने, तर गंज शौचालयाखालच्या सोल बारमध्ये (डब्याच्या तळाच्या लांब तुळईत) आणि दाराच्या उंबऱ्याखाली सापडेल. दोन पत्र्यांच्या मधे गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि रिव्हेट तोडतो. रेल्वेत या डब्यांना साधारण १८ महिन्यांनी कारखान्यात पूर्ण ओव्हरहॉलला पाठवायची पद्धत राहिली आहे. आमची गाडी रविवारीच धावते म्हणून ती मुदत वाढवा, असे म्हणून चालणार नाही. गंज किलोमीटर मोजत नाही.

जुन्या डब्यांच्या ऍक्सल बॉक्समध्ये रोलर बेअरिंग नसते. व्हाइट मेटलचे अस्तर दिलेले पितळी बेअरिंग जर्नलवर, म्हणजे ऍक्सलच्या टोकावर, बसलेले असते आणि खालून तेलात भिजलेले पॅड घासत राहते. पावसाळ्यात मागचे डस्ट शील्ड झिजलेले असेल तर पाणी आत जाते. झाकण उघडून तेलात बोट बुडवा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, ते काढून पॅड बदलल्याशिवाय डबा जोडू नये. उभ्या डब्यात जर्नलचा तेलाबाहेरचा भाग गंजतो आणि पुढच्या रविवारी तो गंज कानसासारखा अस्तर खरवडतो. यावर सोपा उपाय आहे: दर दोन दिवसांनी रेक (जोडलेले सगळे डबे) थोडा मागेपुढे ढकलून चाके फिरवायची. प्रत्येक थांब्यावर ऍक्सल बॉक्सला हाताची पालथी बाजू लावायची. हात ठेववत नसेल तर डबा तिथेच काढायचा. जळक्या तेलाचा वास यायला लागला म्हणजे उशीरच झाला.

चाकांचे गेज प्रत्येक शेडमध्ये हवे. ब्रॉडगेजच्या डब्याच्या चाकाचा फ्लँज (रुळावरून घसरू न देणारी कड) नवा असताना सुमारे २९.४ मिलिमीटर जाड असतो आणि १६ ला बाद होतो. फ्लँजची उंची २८.५ पासून ३५ पर्यंत गेली किंवा चाकाच्या पृष्ठभागात ५ मिलिमीटर खोल पोकळी झाली तरी चाक बाद. बाहेरून टायर चढवलेले चाक असेल तर टायर आणि रिम या दोन्हींवरून एकच पिवळा पट्टा रंगवायचा. उतारावर ब्रेक फार वेळ लागून टायर तापला, फुगला आणि सरकला, तर पट्ट्याचे दोन तुकडे दिसतात. हे काम ब्रश घेऊन पाच मिनिटांत होते, पण ते केलेले नसेल तर ढिला टायर कळायचा मार्ग फक्त हातोडीचा आवाज. ऍक्सलच्या आतली चीर मात्र डोळ्यांना किंवा कानांना कळत नाही, तिला अल्ट्रासॉनिक तपासणीच लागते.

ब्रेकचा मेळ आधीच ठरवा. जुने वाफेचे इंजिन व्हॅक्यूम ब्रेकचे, नंतरचे डबे एअर ब्रेकचे. इंजिन ५३ सेंटीमीटरपर्यंत व्हॅक्यूम तयार करते, एअर ब्रेकच्या डब्याला ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब लागतो. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. एकतर इंजिनावर वाफेचा कंप्रेसर बसवा किंवा व्हॅक्यूमचेच डबे घ्या. व्हॅक्यूम सिलिंडरमधली रबराची रोलिंग रिंग उभ्या डब्यात कडक होते, पिस्टन अडकतो, आणि ब्रेक लागल्यासारखा वाटूनही लागत नाही किंवा लागलेला सुटत नाही. होज पाइप बाहेरून धड आणि वाकवला की भेगा पडलेला, असे नेहमी असते. वाकवून पाहायचा. आणि उभी केलेली गाडी व्हॅक्यूमच्या भरवशावर कधीही सोडायची नाही. काही तासांत तो ब्रेक आपोआप उतरतो. हँड ब्रेक आवळायचा, चाकांखाली लाकडी पाचरी घालायच्या आणि साखळीला कुलूप लावायचे.

सुटे भाग बाजारात मिळणार नाहीत. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेच्या इंजिनांचे काम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संपले. पण आपण ज्या जिल्ह्यात आहोत तिथे ओतकाम घराघरांत पोहोचलेले आहे. १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीपासून आजच्या मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि शेजारच्या कोल्हापूरपर्यंत फाउंड्र्या आहेत. ब्रेक ब्लॉक, आगीच्या जाळीचे बार, पिस्टन रिंग, गनमेटलचे बुश हे सगळे इथे होऊ शकते. त्यासाठी आधी लाकडी पॅटर्न करून क्रमांक घालून जपून ठेवावे लागतील, आणि प्रत्येक भागाचे मोजमाप असलेले ड्रॉइंगही. बॉयलरवर मात्र आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरशिवाय कुणाचाही टाका लागता कामा नये. असे वेल्डर साखर कारखान्यांकडे आहेत. पत्र्यांची आणि ऍक्सलची तपासणी सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेच्या मदतीने करता येईल, विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष काम पाहायला मिळेल. वाफेवर हात चाललेली माणसे आता वयस्क झाली आहेत. ती आहेत तोवर आयटीआयची मुले त्यांच्या हाताखाली द्यावीत.

पावसाळ्यात गाडी बंद ठेवणार असाल तर बॉयलर अर्धवट भरलेला सोडू नका. पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर खड्डे पडतात. एकतर पूर्ण रिकामा करून, मंद आचेने सुकवून, आत कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून सगळी भोके बंद करायची, नाहीतर प्रक्रिया केलेल्या पाण्याने काठोकाठ भरायचा. स्मोकबॉक्समधली राख एक चमचाही शिल्लक नको आणि चिमणीवर झाकण हवे.

म्हणून लोकप्रतिनिधींना, रेल्वे प्रशासनाला आणि वारसा जपू पाहणाऱ्या मंडळींना आमची मागणी अशी आहे: इंजिन आणण्याच्या आधी बिनतारेच्या जागी छप्पर असलेली शेड बांधा. तिच्यात इंजिनाला आणि डब्यांना वेगवेगळे पिट, सॉफ्टनर आणि पाणी तपासणीची खोली, वॉशआउटचा पंप, चाक उचलायचे जॅक आणि लेथ असावेत. दर आठवड्याला निदान दोन फिटर, एक बॉयलरमेकर, एक सुतार आणि दोन खलाशी (मदतनीस) यांचा पगार अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहा, तिकिटाच्या उत्पन्नावर तो अवलंबून ठेवू नका. बॉयलर, चाके आणि ब्रेक यांच्या तपासणीची वही प्रवाशांना फलाटावर पाहता येईल अशी ठेवा. ज्या रविवारी वहीत सही नसेल त्या रविवारी गाडी सोडू नका. या शेडची जागा आणि आराखडा ठरवायला आमच्यातले जे अजून चढू-उतरू शकतात ते कुठलाही मोबदला न घेता यायला तयार आहेत.

आपले,
वाफेच्या शेडमधले आणि डबे दुरुस्ती विभागातले काही निवृत्त कर्मचारी
मिरज, जि. सांगली